हक्क, योजना आणि पाकीट : तुर्भ्यातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण शाळेच्या हजेरीपटावरून पुढे आलं. नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर भागात पाचवीत शिकणारी एक मुलगी २०२५ च्या जुलैपासून आठवड्यातले दोन-तीन दिवसच शाळेत दिसू लागली. विचारलं की ‘ताप होता’ म्हणायची. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, “मावशी गावाला गेलीय.” वर्गशिक्षिकेला वाटलं घरात काही वाईट घडलं असावं. तसं काही नव्हतं. मावशी म्हणजे शेजारच्या लाइनीत मुलं सांभाळणारी बाई. ती गावी गेली की या मुलीची शाळा बंद पडायची.

कुटुंब मूळचं जालना जिल्ह्यातलं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. वडील वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात, पण हमालांची नोंदणी करणाऱ्या माथाडी मंडळात नाव नाही. आई टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या एका पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदारामार्फत कामाला. दिवसाला साडेचारशे रुपये हातात, खाडा झाला की तेवढे कट. मुलं तीन : थोरली दहा वर्षांची, मधला चार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. खोली दहा बाय बारा, दारासमोर अरुंद बोळ आणि उघडं गटार.

या तीन मुलांकडे सरकार तीन वेगळ्या नजरांनी बघतं. थोरलीला हक्क आहे : २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीतून आलेलं कलम २१-अ आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला लागू होतो. मधल्याला शिक्षणाचा हक्क नाही, योजना आहे. त्याच घटनादुरुस्तीने कलम ४५ बदललं आणि सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन व शिक्षण राज्याच्या प्रयत्नांवर सोडलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ सुद्धा तीन ते सहाच्या वयासाठी सरकारला मुभा देतं, बंधन घालत नाही. त्यामुळे मधला मुलगा १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाडीत जातो. अंगणवाडी नसती तर त्याच्या आईवडिलांना शाळेसारखी ती मूलभूत हक्क म्हणून मागता आली नसती. आणि धाकटीला काय? लसीकरणाचं कार्ड, महिन्याचं वजन आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट. दिवसाचे नऊ-दहा तास तिला कोणी घेऊन बसायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

तिघंही एकाच खोलीत राहतात, म्हणून धाकटीच्या वाट्याला न आलेली सोय थोरलीच्या हक्कातून वळती होते. धोरण लिहिणाऱ्यांनी वयाचे तीन कप्पे केले. घरात कप्पे नसतात.

घराचं घड्याळ

वडील रात्री अडीच-तीनला बाजारात जातात आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान परततात. आई साडेआठला निघते. पाळी नऊ ते सहा, परत यायला साडेसहा. ऑर्डर जास्त असली तर ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला ‘नाही’ म्हणणाऱ्या बायकांना पुढच्या महिन्यात बोलावणं येईलच याची खात्री नसते. थोरलीची शाळा दुपारच्या सत्रात, साडेबारा ते साडेपाच. मधला दहाला अंगणवाडीत जातो आणि गरम आहार खाऊन एकच्या सुमारास घरी येतो. धाकटीला वेळापत्रक नाही.

मावशी असते तेव्हा हे सगळं कसंबसं जुळतं. आई कामावर जाताना धाकटीला मावशीकडे सोडते, दहाला थोरली भावाला अंगणवाडीत पोचवते, एकला मावशी वस्तीतल्या चार मुलांबरोबर त्यालाही घेऊन येते. जुलैत मावशीचा भाऊ वारला. ती गावी गेली आणि तिथे शेतीच्या वाटणीत अडकली. आईने पहिले दोन दिवस खाडे केले. तिसऱ्या दिवशी धाकटीला कडेवर घेऊन कामावर गेली, तर गेटवर अडवलं. चौथ्या दिवसापासून थोरली घरी राहिली.

प्रकरणाच्या चर्चेत एका अधिकाऱ्याने विचारलं, “पण वडील तर दुपारी घरी असतात ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. वडील असतात आणि झोपलेले असतात. रात्री तीनपासून पोती वाहिलेला माणूस दुपारी रांगत्या मुलीवर लक्ष ठेवू शकत नाही, हे खरं. पण रविवारी बाजार बंद असतो तेव्हाही धाकटी थोरलीच्याच कडेवर असते, हेही गृहभेटीत दिसलं. २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुषांमध्ये ते प्रमाण साधारण २१ टक्के. जे पुरुष करतात तेही दिवसाला सुमारे ७४ मिनिटं, बायका १४० मिनिटं. या आकड्यांच्या वयोगटात दहा वर्षांची मुलगी बसत नाही, म्हणून तिची मिनिटं त्यात मोजलेली नाहीत.

मावशीची खोली

मावशीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण धोरणाच्या कागदांत तिला जागा नाही आणि वस्तीतलं सगळं बालसंगोपन तिच्याच जोरावर चालतं. साठीची विधवा बाई. मुलगा रिक्षा चालवतो, सून दुसरीकडे राहते. जुलैआधी तिच्याकडे सात मुलं होती, आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची. मुलामागे महिन्याला हजार रुपये. दूध, डबा आणि कपडे पालकांचे. छताच्या कडीला एक झोळी. उंबऱ्यावर आडवी फळी, म्हणजे रांगणारं मूल बोळात जात नाही. स्टोव्ह उंच ओट्यावर, पाण्याचं पिंप झाकलेलं आणि झाकणावर वरवंटा. टीव्ही दिवसभर चालू. खेळणी म्हणाल तर डबे, चमचे आणि एक चाक गेलेली गाडी. कोणाला ताप आला की झटके येतात, कोणाच्या आईचा फोन लागत नाही म्हणून आत्याला लावायचा, हे तिला तोंडपाठ. लिहिता-वाचता येत नाही.

आता या खोलीला सरकारी मोजपट्टी लावून बघू. मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एका मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असं प्रमाण आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्लेस्कूलसाठीच्या सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी आहे. मावशीकडे सात मुलांमागे एक बाई. खोली १२० चौरस फुटांची, त्यातून ओटा आणि कॉट वजा केली तरी मुलामागे दहा फूट निघतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर लहान मुलाची सुरक्षितता सर्वांत जास्त अवलंबून असते, किती मुलांमागे किती माणसं आणि किती जागा, त्यांत ती जवळपास पास होते. नापास होते ती मुलांसाठीचं शौचालय, आग विझवण्याचं साधन, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण आणि सीसीटीव्हीवर. आणि एका गोष्टीवर, जी माझ्या मते या सगळ्यांहून मोठी आहे : ती एकटी आहे. तिला ताप आला, तिचा भाऊ वारला, की या मुलांच्या घरांचा पगार अडतो.

सीसीटीव्हीचा विषय या भागात हळवा आहे आणि त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यातूनच उघड झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले आणि २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर तपासणी आणि नोंदणीची मागणी जोर धरणारच होती. एप्रिल २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने तीन ते सहा वयाच्या मुलांच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. तोवर या क्षेत्रासाठी राज्याचा हाताशी असलेला कायदा म्हणजे पूर्वप्राथमिक केंद्रांतल्या प्रवेशांचं नियमन करणारा १९९६ चा. एवढी वर्षं कोणीही गाळा भाड्याने घेऊन नर्सरी काढू शकत होता, तेव्हा नोंदणी योग्यच.

पण ही नोंदणी तीन ते सहाची. मावशीकडची बहुतेक मुलं तीनच्या आतली आणि मावशी शिकवत काहीच नाही. त्यामुळे तिच्यापर्यंत ना शिक्षण विभाग पोचतो ना महिला व बालविकास. उद्या कोणी तिला नियमात बसवायला निघालंच, तर कॅमेरा, अग्निशामक आणि दाखले एवढा खर्च सात हजारांच्या मिळकतीत बसत नाही. ती धंदा बंद करेल आणि सात मुलं थोरल्या बहिणींकडे जातील. मध्यमवर्गीय पालकांच्या भीतीवरून लिहिलेले नियम वस्तीत नेले की स्वस्त आणि बऱ्यापैकी सांभाळ आधी मरतो. महागडं पाळणाघर दंड भरून चालूच राहतं.

दारं होती, उघडली का नाहीत

प्रकरण हातात घेतल्यावर आम्ही पहिला विचार कारखान्याचा केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४८ होतं : तीसहून अधिक महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात कलम ११-अ आलं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा मिळाली आणि नेमणुकीच्या वेळी ही माहिती तिला लेखी देणंही मालकावर आलं. प्रकरण चालू असतानाच, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चार कामगार संहिता लागू झाल्या आणि पाळणाघराची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. आकडा पन्नासच राहिला.

युनिटमध्ये कायम कामगार वीसेक, आणि दोन ठेकेदारांकडून आलेल्या तीस-तीस बायका. एकूण ऐंशीच्या घरात. पण सुपरवायझरच्या हिशेबात कंपनीचे वीस, एका ठेकेदाराचे तीस आणि दुसऱ्याचे तीस. तीन हजेरी वह्या, एकीतही पन्नास नाहीत. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच, त्यामुळे हा हिशेब कायद्यापुढे टिकणारा नव्हता. तो टिकवायची वेळच आली नाही, कारण तक्रार कोणी करायची? आई म्हणाली, “माझं नाव घेतलं की उद्या गेटवर घेत न्हाईत. पाळणाघर व्हईल तवा व्हईल, माझा रोज आजच जाईल.” नेमणुकीचं पत्रच मिळालेलं नाही, तर हक्काची लेखी माहिती कुठून मिळणार. मुलगी झाली तेव्हा हीच बाई कायद्याने १२ आठवड्यांच्या पगारी रजेला पात्र ठरली असती (दोन मुलं हयात असतील तर २६ नव्हे, १२). ती गावी गेली आणि नऊ महिन्यांनी पुन्हा नव्याने हजेरीवर लागली.

दुसरं दार अंगणवाडीचं. इथल्या सेविकेबद्दल कोणाचीच तक्रार नाही, माझीही नाही. भाड्याची खोली, मुलांच्या बसायच्या जागेतच धान्याचे डबे, भिंतीवर तिने स्वतः रंगवलेली बाराखडी. सकाळी मुलं, दुपारी गृहभेटी, वजनं, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदी, मधूनच निवडणुकीची नाहीतर सर्वेक्षणाची कामं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा तीही होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं, तरी सरकारदरबारी त्या अजून मानधनावरच्या. पोरांच्या आहाराचा दर २०१७ मध्ये मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरला. अशा बाईला ‘संध्याकाळपर्यंत अंगणवाडी उघडी ठेवा’ हे सांगणं सोपं आहे. बैठकीत तसं सांगितलंही गेलं. पगार न वाढवता तास वाढवायचे, ही सूचना दरवेळी ज्याच्या अंगावर पडणार नाही तोच करतो.

तिसरं दार पाळणा योजनेचं, आणि कागदावर ते या घरासाठीच बनवल्यासारखं वाटतं. पूर्वीची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना त्यात घातली गेली. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात पंचवीस, सांभाळायला वेगळी कार्यकर्ती आणि वेगळी मदतनीस. म्हणजे सेविकेवर बोजा नाही. उद्दिष्ट देशभरात अशी १७,००० केंद्रं. देशात अंगणवाड्या जवळपास चौदा लाख, तेव्हा ऐंशीतली एक. या वस्तीतली अंगणवाडी त्या एकात नाही.

असती तरी? पाळणा केंद्राची वेळ दिवसाला साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. आईची पाळी नऊ तास, जाण्यायेण्याचा एक तास वेगळा. म्हणजे रोज अडीच तासांचं भगदाड उरतं. नोकरदारांच्या पाळणाघरांसाठीच्या २०१८ च्या सूचना आठ ते दहा तासांचा विचार करतात; गरिबाच्या पाळणाघराला तेच मंत्रालय साडेसात देतं. दोन्ही कागद लिहिणाऱ्यांनी एकमेकांना वाचलेलं नसावं.

खासगी पाळणाघर आणि नर्सरी हे चौथं दार. त्यासाठी एवढंच पुरे की सानपाडा-कोपरखैरणेच्या सोसायट्यांतला दर चौकशी केली तेव्हा एका मुलामागे सहा हजारांपुढे होता. कर्नाटकाने २०२३ पासून ‘कूसिन मने’ नावाने ग्रामपंचायतींमध्ये पाळणाघरं सुरू केली, आपल्याकडच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं. ती मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी आहेत. रोजगार हमी गावात असते, तुर्भ्यात नसते.

कोसबाडला हे सुटलं होतं

ठाणे जिल्ह्यात बसून हा प्रश्न नवा म्हणून मांडणं थोडं लाजिरवाणं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज ते पालघर जिल्ह्यात. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना जे दिसलं तेच आमच्या वर्गशिक्षिकेला दिसलं : मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं आहे. त्यांनी मुलीच्या पालकांना शाळेचं महत्त्व सांगत बसण्याऐवजी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलगी भावंडाला घेऊन यायची, भावंड पाळणाघरात, ती वर्गात.

ही कल्पना जिल्ह्यातच राहिली असंही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं आणि गरीब कष्टकरी बायकांना आधार मिळावा म्हणून दिवसभराची पाळणाघरं काढावीत. म्हणजे थोरली, धाकटी आणि आई यांचा एकत्र विचार शिक्षणाच्या धोरणानेच केला होता. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला, त्यातून बालवाटिका हा पहिलीआधीचा वर्ग आला, अभ्यासक्रमाचे आराखडे आले. तीन वर्षांचं मूल शिकायला लागलेलं असतं हे मान्य झालं, त्याचं स्वागतच. पण सगळा प्रकाश त्या टप्प्यावर पडल्यावर तीनच्या आतलं मूल अंधारात गेलं, आणि थोरलीच्या कडेवरचं मूल नेमकं त्याच वयाचं असतं.

काय केलं

सप्टेंबरमध्ये वर्गशिक्षिका, सेविका, तिची पर्यवेक्षिका, वस्तीतल्या बचत गटाच्या दोन बायका आणि आमच्यातली एक कार्यकर्ती अशा बसलो. पर्यवेक्षिकेने एक गोष्ट पटकन हेरली : प्रश्न फक्त पैशाचा असता तर सात मुलांचे सात हजार रुपये आधीच फिरत आहेत. उणीव आहे ती जागेची आणि बदलीच्या माणसाची.

जागेसाठी जवळच्या बालवाडीचा वर्ग डोळ्यासमोर होता. बालवाडी सकाळी भरते, बाराच्या पुढे वर्गाला कुलूप. तिथे साडेबारा ते साडेसहा पाळणाघर चालवायचं, मावशी आणि बचत गटातली एक बाई दोघींनी मिळून. अंगणवाडी सुटली की मोठी मुलं तिथेच येणार. सकाळचे तास मावशीच्या खोलीत. दोघींना सेविका आठवड्यातून एकदा अर्धा तास काही शिकवेल : ताप-जुलाबात काय करायचं, कोणती गाणी, डब्या-चमच्यांचेच खेळ कसे करायचे. पालकांचे पैसे तेवढेच राहतील. एक आजारी पडली तर दुसरी असेल. टीटीसीतल्या लहान युनिटनी यात वाटा उचलावा असंही ठरलं. सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची किंवा पालिकेच्या, संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करायची मुभा आहे. शेजारी शेजारी पन्नास गाळे, प्रत्येकात पंधरा-वीस बायका, अशा पट्ट्यासाठी ही तरतूद फार कामाची. पण मुभा असल्याने कोणीच पुढे आलं नाही. ती बंधनात बदलायची तर राज्याच्या नियमांत सुरुवात करावी लागेल : ठेकेदाराच्या वह्या वेगवेगळ्या न मोजता आवाराची डोकी मोजा, आणि पन्नासच्या आतल्या युनिटकडून थोडी वर्गणी घ्या.

वर्गाच्या परवानगीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला. त्यांनी सांगितलं, लहान मुलांचं काम दुसऱ्या विभागाचं, तिकडून प्रस्ताव येऊ द्या. दुसऱ्या विभागाने सांगितलं, जागा आमची नाही, जागेचं ना-हरकत आणा म्हणजे प्रस्ताव पाठवू. दोन्ही टेबलांवरची माणसं सौजन्याने बोलली. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी तर मसुदाही दुरुस्त करून दिला. बालवाडी, अंगणवाडी आणि पाळणाघर ही एकाच वयाच्या मुलांची तीन कामं तीन साहेबांकडे विभागलेली आहेत आणि जागा चौथ्याकडे. माणसं कितीही भली असली तरी यातून कागद लवकर सुटत नाही.

तोवर घराने आपला मार्ग काढला. शिक्षिकेने थोरलीला सकाळच्या सत्रात बदलून घेतलं. आईने युनिट सोडलं आणि सानपाड्यात दोन घरची धुणीभांडी धरली, दुपारी एक ते पाच. सकाळी ती घरी, मधल्याला अंगणवाडीत तीच सोडते आणि आणते. बाराच्या पुढे थोरली येते, एकला आई जाते, पाचपर्यंत दोन्ही धाकटी थोरलीकडे. आईची कमाई अकरा-साडेअकरा हजारांवरून पाच हजारांवर आली. हजेरीपटावर मुलगी आता नियमित आहे, त्यामुळे शाळाबाह्य होण्याच्या यादीतून तिचं नाव गेलं. कुठलाही अहवाल काढलात तर हे प्रकरण सुटलेलं दिसेल. तिचा गृहपाठ धाकटी झोपली तर होतो.

मावशी ऑक्टोबरच्या शेवटी परतली. दुसऱ्या लाइनीतल्या सांभाळणाऱ्या बाईने मधल्या काळात काम सोडलं, म्हणून आता मावशीकडे नऊ मुलं आहेत. आईला पुन्हा युनिटमध्ये जायचं आहे. ठेकेदार म्हणतो जानेवारीनंतर बघू. मावशीकडे दोन मुलांचे दोन हजार देऊन, खाडे धरून, काय उरेल याचा हिशेब तिने बोटांवर करून दाखवला. तरीही जायचं आहे, कारण धुणीभांड्यात ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नाही.

वर्गाचा अर्ज फेटाळलेला नाही. त्यावर शेवटची नोंद अशी की दुपारनंतरच्या वापराचं विजेचं बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचं याचा खुलासा व्हावा. दोन पंखे आणि एका ट्यूबलाइटचं ते बिल भरायला बचत गट तयार आहे. पण सरकारी जागेचं बिल बचत गटाच्या नावाने स्वीकारता येत नाही, असं तोंडी कळवलं गेलं; ते लेखी द्यावं म्हणून आम्ही दुसरा अर्ज केला आहे.